चार सिलिंडर, एक कार्बोरेटर



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो पगार, बोनस आणि संप यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. चालकांनी 'विषय आपणच ठरवा' असे आम्हांला कळवले, तेव्हा त्यांच्याही मनात तेच असावे. परंतु आम्ही आज मोटारीच्या इंजिनाबद्दल बोलणार आहोत, आणि तेही त्यातल्या एकाच प्रश्नाबद्दल. कार्बोरेटरच्या काळातल्या मोटारींत एका कार्बोरेटरमधून निघालेले पेट्रोल चार सिलिंडरांना सारखे पोचत होते काय, आणि पोचत नसेल तर ते ओळखायचे कसे? प्रश्न दिसायला गॅरेजमधला आहे. पण त्याच्या उत्तरावर ड्रायव्हरचा पगार कापला जाई, म्हणून तो आमच्याही दफ्तरात येऊन पडला.

आमचे शिक्षण शाळेत फार झाले नाही. सोळाव्या वर्षी खामगावात एका गॅरेजमध्ये हेल्पर म्हणून लागलो. पुढे जे काही वाचले ते वाचनालयातल्या जुन्या इंग्रजी पुस्तकांवरून, शेजारी कोश उघडा ठेवून. तेव्हा येथे जे अभियंते बसले असतील त्यांनी आमची भाषा सांभाळून घ्यावी. माहितीची मात्र खुशाल तपासणी करावी.

प्रथम इंजिनात काय घडते ते थोडक्यात पाहू. पिस्टन खाली जातो, हवा आत ओढली जाते, त्या हवेबरोबर कार्बोरेटरच्या जेटमधून पेट्रोलचा फवारा निघतो, ते मिश्रण सिलिंडरात दाबले जाते आणि प्लगच्या ठिणगीने पेटते. वजनाने एक भाग पेट्रोलाला सुमारे पंधरा भाग हवा असली म्हणजे दोघांचा हिशेब चुकता होतो. हवा थोडी कमी, म्हणजे बारा-तेरा भाग, असली तर जोर जास्त मिळतो. सोळाच्या आसपास असली तर काटकसर होते. अठरा-वीसच्या पुढे हवा गेली की जुनी इंजिने पेटायला कुरकुर करीत. याला गॅरेजच्या भाषेत 'मिसिंग' म्हणतात.

कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलेल्या गाडीला एकच सिलिंडर होता. एकट्या माणसाच्या घरात वाटणीचे भांडण नसते. माइबाखने १८९३ च्या सुमारास फवारा उडवणारा कार्बोरेटर काढला, आणि पुढे चार सिलिंडरांची इंजिने आली, तेव्हा हा वाटणीचा प्रश्न उभा राहिला. कारण कार्बोरेटर एकच, आणि त्याच्यापासून निघालेल्या नळीला फाटे फोडून ते चार तोंडांना नेलेले. या फाटे फुटलेल्या नळीला मॅनिफोल्ड म्हणतात. सगळा गोंधळ या नळीत होतो.

हवेचे ठीक आहे. हवा हलकी, नळी वळली की तीही वळते. पेट्रोलची वाफ झाली असेल तर तीही हवेबरोबर मुकाट्याने जाते. परंतु पेट्रोल सगळे वाफ होत नाही. काही थेंबांच्या रूपाने उडत जाते आणि काही नळीच्या भिंतीला चिकटून, पत्र्यावरून पावसाचे पाणी ओघळावे तसे, सरपटत जाते. राजूरच्या घाटात सायकलवाला वळणावर सहज वळतो. भरलेला ट्रक वेगात असला तर सरळ कठड्याकडे जाऊ पाहतो. थेंबांचे तसेच आहे. नळीला काटकोनात वळण आले की हवा वळते, थेंब सरळ जाऊन समोरच्या भिंतीवर आपटतात, आणि तिथून ज्या फाट्याकडे उतार असेल त्याच्या वाट्याला जातात. एका सिलिंडराला ओले मिश्रण, दुसऱ्याला कोरडे. पंगतीत वाढप्याने वरण न ढवळता वाढायला सुरुवात केली, तर कोणाच्या पानात डाळ आणि कोणाच्या पानात पाणी पडते. चूक भातात नसते आणि जेवणाऱ्यातही नसते.

त्यातून सिलिंडर हवा ओढतात तेही सगळे एकदम नाही, ठरलेल्या क्रमाने. आपल्या सगळ्यांच्या परिचयाची अॅम्बॅसेडर घ्या. १९५७ पासून २०१४ पर्यंत ही गाडी निघत होती. तिच्या १४८९ सी.सी.च्या पेट्रोल इंजिनात चार सिलिंडर असूनही हवा आत घेण्याची तोंडे दोनच होती. एक-दोन यांना मिळून एक, तीन-चार यांना मिळून एक. आणि पेटण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन. जरा बोटांवर मोजा. तीन नंबरने घोट घेतला की लगेच त्याच तोंडातून चार नंबर घेतो. मग काही काळ ते तोंड स्वस्थ. तिकडे दोन नंबरने घेतला की लगेच एक नंबर. म्हणजे प्रत्येक जोडीत एक पहिला आणि एक मागून येणारा. पहिल्याला थांबलेली हवा हलवावी लागते, मागच्याला ती वाहतीच मिळते. अशा व्यवस्थेत दोघांचे वाटे तंतोतंत सारखे कसे व्हावेत? फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटींच्या घरात निघाली, तिलाही आत घेण्याची तोंडे दोनच. करणाऱ्यांना हे कळत नव्हते असे नाही. ओतकाम स्वस्त पडते, म्हणून ते तसे केले जाई.

सुरुवातीच्या काळात हा दोष फारसा जाणवला नाही, कारण तेव्हाचे पेट्रोल फार हलके होते, चटकन उडून जाई. मोटारी वाढल्या, पेट्रोल पुरेना, तेव्हा तेल कंपन्यांनी पूर्वी पेट्रोलात न धरलेला जड भागही त्यात मिसळायला सुरुवात केली. बर्टनने १९१३ साली जड तेल उष्णतेने फोडून पेट्रोल करण्याचे पेटंट घेतले. पेट्रोल पुरेसे झाले खरे, पण आता ते नळीत वाफ व्हायला नाराज. एंजिने मिसिंग मारू लागली, कार्बोरेटरवाले पेट्रोलवाल्यांना आणि पेट्रोलवाले कार्बोरेटरवाल्यांना दोष देऊ लागले. या भांडणातून १९२० नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेतल्या मोटार कारखानदारांनी, तेलवाल्यांनी आणि तिथल्या सरकारी मानक-संस्थेने मिळून इंधनाच्या पद्धतशीर चाचण्या सुरू केल्या.

आता या चाचण्यांकडे वळू. सर्वांत गरिबाची चाचणी म्हणजे प्लग पाहणे. प्लगचे टोक चॉकलेटी असेल तर मिश्रण बरोबर. काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त. पांढुरके, भाजल्यासारखे असेल तर पेट्रोल कमी. पण यात एक मेख आहे. गाडी घाट चढून आली, मग पाच मिनिटे दारात उभी राहून फुकट चालली, आणि नंतर तुम्ही प्लग काढलात, तर तुम्हांला त्या पाच मिनिटांचा रंग दिसेल, घाटाचा नव्हे. म्हणून चढावर, पूर्ण जोरात असतानाच चावी बंद करायची, गियर मोकळा करून गाडी कडेला घ्यायची आणि तिथल्या तिथे प्लग उतरवायचे. हात भाजतात, ते चालायचेच.

दुसरी चाचणी एकेक सिलिंडर बंद करण्याची. गॅरेजमध्ये लाकडी मुठीच्या पेचकसाने प्लग शॉर्ट करतात आणि आवाज ऐकतात. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करीत होता; काहीच फरक पडला नाही तर तो बसून खात होता. हीच गोष्ट प्रयोगशाळेत मापून करतात, तिला 'मोर्स टेस्ट' म्हणतात. शेगावला १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. तसल्या महाविद्यालयांतून यंत्रशाखा शिकलेल्या कोणालाही विचारा, ही चाचणी त्याला ठाऊक असते. इंजिनाला ब्रेक लावून त्याचा जोर मोजायचा. समजा चारही चालू असताना तो ४० अश्वशक्ती भरला. एक नंबर बंद केला आणि वेग पूर्ववत आणला तर २७ भरला. म्हणजे एक नंबर आत १३ कमावीत होता. दोन बंद केला तर २६, तीन बंद केला तर २६. म्हणजे ते दोघे १४-१४ चे. आणि चार बंद केला तर ३१! म्हणजे चार नंबर फक्त ९ कमावतो. चौघांची बेरीज ५०, हाती येतात ४०, मधले १० घर्षणात जातात. चार नंबर अशक्त आहे हे यावरून कळले. पण तो का अशक्त आहे, याचे उत्तर ही चाचणी देत नाही. व्हॉल्व्ह गळत असेल, रिंगा झिजल्या असतील, किंवा बिचाऱ्याला पुरेसे पेट्रोलच मिळत नसेल.

हे 'का' शोधायला धुराकडे जावे लागते. प्रत्येक सिलिंडराच्या धूर निघण्याच्या तोंडाशी, सगळ्यांचा धूर एकत्र होण्यापूर्वी, एक बारीक नळी बसवून तेवढ्याच सिलिंडराचा धूर बाटलीत धरायचा. मग तो ऑर्सा नावाच्या फ्रेंच गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात काढलेल्या काचेच्या उपकरणातून न्यायचा. त्यात तीन निरनिराळी द्रावणे असतात. पहिले कर्बवायू म्हणजे कार्बन डायॉक्साइड शोषते, दुसरे प्राणवायू, तिसरे कार्बन मोनॉक्साइड. दर खेपेला धुराचे माप किती घटले ते नळीवर वाचायचे. धुरात मोनॉक्साइड सापडला तर पेट्रोल जास्त झाले, अर्धवट जळाले. प्राणवायू उरला असेल तर पेट्रोल कमी पडले, हवा बिनकामाची बाहेर आली. एकेका नमुन्याला बराच वेळ लागतो, आणि चार सिलिंडर, निरनिराळे वेग, निरनिराळे भार मिळून नमुने होतात शेकडो. काहींनी मॅनिफोल्डला काचेच्या खिडक्या बसवून आत सरपटणारे पेट्रोल प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले.

यातून दिसून आले ते असे, की वाटणी सर्वांत वाईट होते ती चढावर. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, इंजिनाचा वेग कमी, नळीतली हवा संथ. आणि नळीतले दडपण जास्त असल्याने पेट्रोलची वाफही कमी होते. म्हणजे ज्या वेळी गाडीला सगळ्यांच्या जोराची गरज, नेमक्या त्याच वेळी वाटणी बिघडते. उपाय म्हणून कारखानदारांनी मॅनिफोल्डचा मधला भाग धुराच्या गरम नळीला चिकटवला, म्हणजे तिथे आपटणारे थेंब तापून वाफ व्हावेत. आपल्या जुन्या पेट्रोल गाड्यांत हवेची आणि धुराची नळी एकमेकींना खेटून दिसत ती याचसाठी. विदर्भाच्या उन्हाळ्यात मात्र ही ऊब अति होई. पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ धरे आणि गाडी रस्त्यात उभी राही. मग ड्रायव्हर पंपावर ओले फडके गुंडाळीत बसे. ते दृश्य आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन होते, तेव्हा कोळशाच्या गॅसवर मोटारी चालवल्या जात. मागे भट्टी लावलेली, घाटात जीव जाई, उतारूंनी उतरून चालावे लागे. पण गॅस हा गॅसच असल्यामुळे त्यात थेंबही नाहीत आणि सरपटणारे तेलही नाही. त्यामुळे ज्या इंजिनाचा जोर जवळजवळ निम्म्यावर आला होता, त्याच इंजिनात वाटणी मात्र पेट्रोलपेक्षा चांगली होत असे!

आता शिशाचे. इंजिन ठोकू नये म्हणून पेट्रोलात शिसे घालण्याची युक्ती मिज्लीने १९२१ साली शोधली. हे शिशाचे तेल जड, सुमारे २०० अंशांवर उकळणारे. म्हणजे तेही थेंबांबरोबरच फिरणार. ज्या सिलिंडराला थेंब कमी त्याला शिसेही कमी, आणि तोच कोरडा सिलिंडर ठोकणार! म्हणून १९६० च्या सुमारास ११० अंशांवर उकळणारे दुसरे शिशाचे तेल काढले, ते हलक्या वाफेबरोबर जाई आणि जास्त सारखे वाटले जाई. केवढी ही अक्कल! याच शिशाच्या तेलाने १९२४ साली न्यू जर्सीतल्या बेवे येथील तेल कारखान्यात पाच कामगार बुद्धिभ्रंश होऊन मेले होते. आपल्या देशातून शिशाचे पेट्रोल २००० साली गेले. सिलिंडराला शिसे सारखे मिळावे यासाठी जेवढे डोके चालले, तेवढे ते हाताळणाऱ्याच्या फुफ्फुसासाठी वेळेवर चालले नाही, एवढे बोलून आम्ही पुढे जातो.

आता पैशाचा हिशेब. तो नीट ऐकावा, कारण व्याख्यानातले आमचे मुख्य म्हणणे त्यात आहे. समजा चार सिलिंडरांत एका भाग पेट्रोलाला हवा अनुक्रमे १२, १३, १४ आणि १८ भाग जाते. हवा सर्वांना सारखी धरली, तर चौघांची मिळून सरासरी जवळजवळ १४ येते. सरासरी उत्तम! कागदावर या इंजिनाला काही झालेले नाही. पण चौथा उपाशी आहे आणि मिसिंग मारतो. मिस्त्री काय करतो? तो चौथ्यापुरते पेट्रोल वाढवू शकत नाही, कारण जेट एकच आहे. तो मोठा जेट घालतो. चौथा १८ वरून १५ वर आला, मिसिंग थांबले. पण तेवढ्यासाठी पेट्रोल सर्वांनाच २० टक्के वाढवावे लागले. पहिला १२ वरून १० वर गेला, दुसरा ११ च्या खाली, तिसरा १२ च्या खाली. ज्यांना आधीच जास्त होते त्यांच्या ताटात आणखी पडले, आणि ते न जळता धुराड्यातून बाहेर गेले. एकाची उपासमार मोडण्यासाठी पाचवा हिस्सा पेट्रोल जास्त जाळले. गाडीचे अॅव्हरेज बसले ते यामुळे. आणि अॅव्हरेज बसले की मालक प्रथम कोणाकडे पाहतो?

सुमारे १९९५ साली जिल्ह्यातल्या एका कचेरीच्या अॅम्बॅसेडरचे असेच झाले. ड्रायव्हर मलकापूर, मोताळा, बुलढाणा अशा फेऱ्या करी. लॉगबुकात पेट्रोल जास्त लागू लागले, तेव्हा फरकाचे पैसे दरमहा त्याच्या पगारातून कापण्याचा हुकूम निघाला. हुकुमात 'चोरी' हा शब्द नव्हता, पण कचेरीतल्या शिपायापासून सगळ्यांनी तो वाचला. तो आमच्याकडे आला आणि एवढेच म्हणाला, "भाऊ, पेट्रोल काय मी पेलो काय?"

आम्ही निवेदन लिहिण्याआधी गाडी मागितली. राजूरच्या घाटात अर्ध्या चढावर चावी बंद केली, दगड लावले आणि प्लग काढून रुमालावर ओळीने मांडले. एक आणि दोन काजळीने माखलेले. तीन आणि चार पांढुरके, त्यांतला चार तर खडूसारखा. तीन-चारचे तोंड एक, हे वर सांगितलेच आहे. खाली येऊन, इंजिन चालू ठेवून, त्या तोंडाच्या सांध्यावर पिचकारीने थोडे ऑइल सोडले. लंगडणारे इंजिन क्षणभर सुरळीत झाले. मॅनिफोल्डचे पॅकिंग तिथे फुटले होते. बाहेरची हवा तीन-चारमध्ये शिरत होती. कोणीतरी ते न पाहता मिसिंग घालवण्यासाठी जेट मोठा घातला होता, आणि तो खर्च ड्रायव्हरच्या नावे मांडला जात होता.

पॅकिंग बदलले, मूळचा जेट घातला. तोच ड्रायव्हर, तोच रस्ता, साहेबांच्या माणसाला शेजारी बसवून मोजले, तर लिटरमागे दीड-दोन किलोमीटर वाढले. चारही प्लग आणि फुटके पॅकिंग एका खोक्यात घालून आम्ही निवेदनासोबत कचेरीत नेले. निवेदन त्यांनी ठेवून घेतले. खोके परत दिले. कपात त्या महिन्यापासून थांबली. कापलेले पैसे परत मिळायला मात्र आठ महिने लागले, आणि त्यासाठी प्लगचा नव्हे, मोर्चाचा उपयोग झाला.

असो. पेट्रोल पंपावर तुम्ही पी.यू.सी.चे प्रमाणपत्र घेता, तेव्हा तो मुलगा सायलेन्सरच्या शेवटी नळी घालतो. तिथे चौघांचा धूर एकत्र झालेला असतो. त्याला दिसते ती सरासरी. एकत्र धुरातूनही जाणत्याला थोडे कळू शकते. धुरात मोनॉक्साइडही बराच आणि प्राणवायूही बराच असे दोन्ही सापडले, तर समजावे की आत कोणी तुडुंब आहे आणि कोणी कोरडा. कारण एकाच सिलिंडरात दोन्ही फार प्रमाणात सहसा राहत नाहीत. मात्र सायलेन्सर फुटका असला तर बाहेरच्या हवेचाही प्राणवायू त्यात मिसळतो, तेव्हा तो आधी तपासावा. पण कोण कोरडा, हे सांगायला शेवटी प्रत्येकाच्या तोंडाशीच जावे लागते.

डिझेलवाल्यांनी हा प्रश्न सुरुवातीपासून वेगळ्या रीतीने सोडवला. बॉशच्या कारखान्यातून १९२७ साली डिझेलचे पंप मोठ्या संख्येने निघू लागले. त्यात प्रत्येक सिलिंडरासाठी स्वतंत्र दट्ट्या असतो आणि ज्याचा त्याला मोजून माल मिळतो. मोजूनच द्यायचे म्हटल्यावर माप तपासणारा हवा. म्हणून पंपाचे कॅलिब्रेशन करणारा मिस्त्री हा गॅरेजवाल्यांतला ब्राह्मण! तो पंप बाकावर चढवतो, खाली काचेच्या नळ्या ओळीने लावतो, ठरावीक फेरे फिरवतो आणि नळ्यांतल्या पातळ्या जुळेपर्यंत दट्टे सारखे करीत बसतो. पेट्रोल गाड्यांना ही व्यवस्था आपल्याकडे सर्रास मिळायला २००० च्या आसपासचा काळ उजाडला. मारुती ८०० ही १९८३ पासूनची तीन सिलिंडरांची गाडी. तिचा कार्बोरेटर जाऊन तिला प्रत्येक सिलिंडरामागे एकेक इंजेक्टर आला. गाड्यांच्या पाठीवर 'एम.पी.एफ.आय.' अशी अक्षरे दिसू लागली, त्यांचा अर्थ एवढाच, की आता ज्याच्या त्याच्या तोंडाशी स्वतंत्र वाढप्या उभा आहे.

पण वाढप्या स्वतंत्र झाला तरी त्याची पळी बुजू शकते. इंजेक्टरच्या भोकात मळ बसतो, एक कमी देतो, दुसरा गळतो. म्हणून आज शहरातल्या बऱ्या गॅरेजमध्ये गेलात तर भिंतीशी एक यंत्र दिसेल. वर चार इंजेक्टर अडकवलेले, खाली काचेच्या चार उभ्या नळ्या, त्यांवर रेघा. बटण दाबले की चारही एकदम फवारू लागतात. ठरलेली सेकंदे झाली की यंत्र थांबते, फेस बसतो, आणि मिस्त्री गुडघ्यावर बसून, डोळा पातळीच्या रेषेत आणून, डावीकडून उजवीकडे चारही नळ्या वाचतो.